शून्याचं पान आणि ‘विशेष’चा शिक्का

मागच्या वेळी वैशेषिकांच्या सात पदार्थांवर बोलत होतो, तेव्हा शेवटच्या रांगेतून एका गृहस्थांनी प्रश्न विचारला होता. ते सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. ‘सर, लिनक्सच्या कर्नलमध्ये एक शून्याचं पान असतं. ते द्रव्य म्हणायचं की अभाव?’ मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. शून्य हे चिन्ह आहे, चिन्हाला लिहायला जागा लागते, यापलीकडे त्यात काही नाही, असं काहीतरी बोललो. टाळ्याही पडल्या. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना. ज्या गोष्टीची आपल्याला माहिती नाही तिच्यावर टाळ्या घेणं सत्तरी उलटलेल्या मास्तराला शोभत नाही. म्हणून गेले काही आठवडे मी त्या कर्नलचा मेमरी सांभाळणारा भाग वाचत बसलो आहे. सगळा कोड मला कळतो असा दावा नाही. पण कोडच्या वर लिहिलेल्या टिपा असतात, आणि प्रत्येक बदलाबरोबर तो करणाऱ्यानं आपली बाजू मांडणारं एक निवेदन जोडलेलं असतं. ते गद्य आहे. गद्य मला वाचता येतं. आज जे बोलणार आहे ती त्या गद्याची समीक्षा समजा, आणि माझी तक्रार मुख्यतः एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द ‘स्पेशल’.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी जमीन तयार करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्रातली मेमरी कोणत्या प्रोग्रामला किती द्यायची हे तो ठरवतो. मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पानं म्हणतात. आपल्या नेहमीच्या संगणकावर एक पान ४०९६ बाइटचं. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की आपल्याकडे एक सलग, स्वतःची वही आहे. प्रत्यक्षात त्याच्या वहीचं सातवं पान यंत्रातल्या कुठल्या खऱ्या पानावर आहे, हे सांगणारा तक्ता कर्नलजवळ असतो. तो पेज टेबल. याशिवाय कर्नल प्रत्येक खऱ्या पानाची वेगळी नोंद ठेवतो: हे पान कोण वापरतंय, कितीजण वापरताहेत. ही नोंद म्हणजे त्या पानाचा सातबारा म्हणा ना. वापरणाऱ्यांचा आकडा शून्यावर आला की पान मोकळं झालं, दुसऱ्याला द्यायला हरकत नाही. आकडा चुकला तर दोनच शक्यता: पान कायमचं अडकून राहील, किंवा एकाचं पान चालू वापरात असताना दुसऱ्याला दिलं जाईल. दुसरी शक्यता भयंकर आहे.

आता शून्याचं पान. एखादा प्रोग्राम कर्नलकडे एक जीबी मेमरी मागतो. कर्नल ‘दिली’ म्हणतो आणि काहीच देत नाही. नुसतं वचन. पुढे प्रोग्राम त्यातली एखादी जागा वाचायला जातो, जिथं त्यानं अजून काही लिहिलेलंच नाही. नियम असा की तिथं शून्यच दिसलं पाहिजे. हा नियम सोयीपुरता नाही. आधीच्या माणसाचा पासवर्ड त्या जागी उरलेला असेल तर तो नव्याला दिसता कामा नये. मग कर्नल काय करतो? त्यानं एक पान कायमचं शून्यांनी भरून ठेवलेलं असतं. न लिहिलेली जागा कोणीही वाचायला आला की त्याच्या पेज टेबलात या एकाच पानाचा पत्ता टाकतो, आणि शेजारी खूण करतो: फक्त वाचायचं. लिहायला गेलात की प्रोसेसर अडवतो, कर्नलला हाक जाते, कर्नल एक खरं कोरं पान आणतो, पुसतो, आणि तुमच्या तक्त्यात त्याचा पत्ता लिहितो. या युक्तीला ‘लिहिताना प्रत’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांचं मिळून ‘काऊ’ होतं, म्हणजे गाय. ही गाय पुढे एकदा चिखलात लोळणार आहे.

हजारो प्रोग्राम, लाखो न लिहिलेल्या जागा, आणि सगळ्यांच्या तक्त्यात पत्ता एकाच पानाचा. आमच्या परिभाषेत हा प्रागभाव झाला. घट घडण्यापूर्वी त्याचा जो अभाव असतो तो अनादी, पण सांत: घट झाला की संपला. प्रोग्रामनं पहिला बाइट लिहिला की त्या जागेपुरता प्रागभाव संपतो. पण नीट बघा, तुमचा प्रागभाव संपला तरी शून्याचं पान जागच्या जागी आहे. इतरांच्या उपयोगी पडतंच आहे. म्हणजे ते पान स्वतः अभाव नव्हे. ते अभावाचं अधिकरण आहे, त्याला बसायला दिलेला पाट. नैयायिक म्हणतात की अभाव प्रतियोगीनं ओळखायचा, ज्याचा तो अभाव आहे त्यानं. न लिहिलेल्या जागा जितक्या तितके अभाव. पाट मात्र एक. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा पाटावर बसलेल्यांची मोजदाद करावी की करू नये, याचाच आहे.

सुरुवात २००५ पासून करतो. तोपर्यंत कर्नलमध्ये ‘रिझर्व्हड’, राखीव, असा एक शिक्का होता. ज्या पानांच्या वाटेला जायचं नाही त्यांच्यावर तो मारत. शून्याच्या पानावरही होता. या राखीवपणात वर्षानुवर्षं नाना अर्थ साचले होते, आणि निक पिगिन या कर्नल-लेखकानं तो शिक्का मेमरीच्या मुख्य व्यवहारातून काढून टाकला. स्वच्छतेचं काम, चांगलं काम. पण त्याचा एक परिणाम झाला. शून्याचं पान आता इतर पानांसारखंच झालं, म्हणून त्याच्याही सातबाऱ्यावर प्रत्येक वापरणाऱ्याची नोंद व्हायला लागली. पिगिननं त्याच निवेदनाच्या शेवटी स्वतःहून सावध केलं होतं की मोठ्या यंत्रांवर ही नोंद जड जाऊ शकेल. आपल्याच बदलाचा धोका आपणच लिहून ठेवणारा लेखक. आमच्या क्षेत्रातल्या किती प्रबंधांत हे सापडेल?

भीती खरी ठरली. एसजीआय कंपनीच्या आल्टिक्स नावाच्या महाकाय यंत्रांवर शेकडो प्रोसेसर एकाच शून्याच्या पानाचा आकडा वाढवत-कमी करत होते. तो आकडा ज्या कॅशच्या ओळीत असतो ती ओळ एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे अशी सारखी उडत राहायची. एकदा एक मोठा प्रोग्राम सुरू होतानाच बंद पडला, आणि त्याचे शून्याकडे नेणारे पत्ते पुसता पुसता यंत्र जवळजवळ अडकून पडलं. काम चालू आहे, पुढे मात्र काही सरकत नाही. कशाची मोजणी चालली होती? काहीच नसलेल्या जागांची.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये पिगिननं निर्णय दिला: शून्याचं पान या कामातून काढूनच टाका. त्यासोबत त्यानं आपल्या टेबलावरच्या संगणकाचं मोजमाप दिलं आहे. कर्नल कंपाइल करताना सेकंदाला सुमारे १,००० वेळा शून्याचं पान दिलं जात होतं, आणि सेकंदाला सुमारे १,००० वेळाच त्यावर लिहिलं जाऊन खरं पान आणावं लागत होतं. न लिहिता तसंच परत गेलेलं शून्य सेकंदाला एकही भरत नव्हतं. म्हणजे ज्यानं वाचायला मागितलं तो लगेच लिहिणारच होता; मग मधे शून्य दाखवण्याचा सोपस्कार कशाला, पहिल्याच वेळी खरं पान द्या. युक्तिवाद स्वच्छ आहे, आणि मला तो फार आवडला. आवृत्ती २.६.२४ पासून वाचणाऱ्यालाही कोरं, स्वतंत्र पान मिळू लागलं.

पण मोजलं होतं ते कंपाइल करणाऱ्याचं जग. जगात असेही प्रोग्राम असतात की जे प्रचंड कोष्टक मांडतात, त्यातल्या बहुतेक खणांत कधीच काही लिहीत नाहीत, पण वाचत मात्र फिरतात. अशांसाठी शून्याचं एक पान म्हणजे मोठी बचत होती. कामेझावा हिरोयुकी यांनी जुन्या कर्नलवरच्या ग्राहकांचा असा वापर पाहिला होता, इतरांच्याही तक्रारी आल्या. व्याप्ती सिद्ध करायची तर एका स्वयंपाकघरातला धूर पाहून भागत नाही, हे आम्ही पहिल्या वर्गात शिकवतो. २००९ मध्ये ह्यू डिकिन्स यांनी लिनस टोरवाल्ड्सच्या सूचनेवरून शून्याचं पान परत आणलं, आवृत्ती २.६.३२ मध्ये. परत आणताना एक अट घातली: या वेळी पत्ता देताना त्याची मोजणी करायची नाही. आणि मोजणी टाळायची कशी? तर कर्नलमध्ये एक फंक्शन आहे, पेज टेबलातला पत्ता दिला की तो कोणत्या ‘नॉर्मल’ पानाचा हे ते सांगतं. डिकिन्स म्हणतात, या फंक्शननं शून्याच्या पानाला अ‍ॅबनॉर्मल समजावं. वाक्य वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. सगळ्यांत साधं, सगळ्यांना सारखं, ज्यात काहीही नाही असं पान, आणि त्याला अपवाद ठरवल्याशिवाय सांभाळता येत नाही.

जाता जाता त्याच निवेदनातली एक गंमत. एमआयपीएस जातीच्या काही प्रोसेसरांवर शून्याची आठ पानं ठेवावी लागत, आठ ‘रंगांची’. तिथल्या कॅशच्या रचनेमुळे एकच खरं पान दोन वेगळ्या रंगांच्या पत्त्यांवरून वाचलं की महाग अडथळे यायचे. आठ रंगांचं शून्य! नागार्जुनाला मी आज मुद्दामच बोलावलेलं नाही, पण त्याला हे आवडलं असतं असं वाटून गेलं. (हशा)

आता शब्दाकडे. २००८ मध्ये, पुन्हा पिगिनच्याच हातून, पेज टेबलातल्या पत्त्याशेजारी एक बिट राखून ठेवला गेला. त्याचं नाव ‘स्पेशल’. हा बिट लावलेला असेल तर ते फंक्शन विचार न करता ‘नल’ असं उत्तर देतं: इथं कोणतंही नॉर्मल पान नाही. फंक्शनच्या वरच्या टिपेत विशेषची व्याख्या आहे. तिचा आशय असा: विशेष म्हणजे ज्याला सातबाऱ्याशी जोडून घ्यायचं नाही असा पत्ता, मग तो सातबारा अस्तित्वातच नसो, किंवा असूनही त्याला हात लावायचा नसो.

हे ‘किंवा’ माझ्या तक्रारीचं मूळ आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, कारण ती जमीन त्या दप्तरातच नाही. गायरानाला सातबारा असतो, पण कुणाची गाय किती वेळ चरली ते तलाठी त्यावर चढवत बसत नाही. दोन्हीकडे तलाठी गप्प आहे, पण दोन गप्प राहण्यांची कारणं निराळी. ग्राफिक्स कार्डाची मेमरी प्रोग्रामला थेट दाखवली तर ती गावठाणासारखी असू शकते: यंत्राच्या मुख्य मेमरीच्या दप्तरात तिची नोंदच नाही. शून्याचं पान गायरान आहे: नोंद आहे, मालक आहे, चरायची मुभा सगळ्यांना आहे, फक्त शिरगणती नको. बिट मात्र एकच, आणि फंक्शनचं उत्तरही एकच: नल.

वैशेषिक दर्शनाला नाव मिळालं ते ‘विशेष’ या पदार्थावरून. पृथ्वीचे दोन परमाणू गुणानं, जातीनं सगळ्या बाबतींत सारखे असले तरी ते दोन आहेत. एकाला दुसऱ्यापासून वेगळं पाडणारं जे अंतिम काही, ते विशेष. म्हणजे विशेषाचं काम भेद दाखवणं. कर्नलचा विशेष याच्या नेमका उलट वागतो. ज्यांच्यात काही साम्य नाही अशा गोष्टी तो एका पिशवीत भरतो. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, की त्या ‘नॉर्मल’ नाहीत. अशा वर्गाला आम्ही विशेष म्हणणार नाही. तो अन्योन्याभाव आहे: घट हा पट नव्हे, एवढंच सांगणारा. घट नव्हे म्हटल्यावर तो पट आहे की पाट आहे की पिशाच्च आहे, ते कळत नाही.

पिशाच्च उगाच काढलं नाही. अभाव कळतो कसा, या वादात हे नेहमीचं उदाहरण आहे. भूतलावर घट दिसत नाही म्हणून घट नाही असं म्हणता येतं, कारण असता तर दिसला असता. खांबावर पिशाच्च दिसत नाही म्हणून पिशाच्च नाही असं म्हणता येत नाही, कारण असतं तरी दिसलं नसतं. पहिलं न दिसणं योग्य आहे, दुसरं नाही. योग्यानुपलब्धी असेल तरच अभावाचं ज्ञान होतं. आता त्या फंक्शनच्या उत्तराकडे या. नल आलं. याचा अर्थ सातबारा नाही? की आहे पण बघू नका? विचारणाऱ्याला उत्तरावरून ठरवता येत नाही. ज्याला शून्याच्या पानाबद्दल वेगळं वागायचं आहे त्यानं स्वतः आठवण ठेवून पत्ता ताडून पाहायचा की हा शून्याचा तर नाही? ही आठवण शब्दात नाही, बिटात नाही, माणसांच्या डोक्यात आहे.

ज्या यंत्रांवर हा बिट ठेवायला जागाच नव्हती तिथला प्रकार तर बघण्यासारखा आहे. उपकरणाची मेमरी सलग दाखवलेल्या भागात कर्नल हिशोब करतो: पत्ता अपेक्षित सरळ रेषेत बसला तर तो विशेष; रेषेतून चळला तर समजायचं की लिहिताना प्रत झालेली आहे, म्हणून हे नॉर्मल पान. नियमात राहील तो अपवाद, नियम मोडील तो सामान्य! हे चुकीचं नाही, तिथं तर्क बरोबर चालतो. पण शब्द कुठे जाऊन पोचले ते पाहा.

तुम्ही म्हणाल, म्हातारा शब्दांवर भांडतोय. कोड चालतोय ना? म्हणून आता मोडतोडीकडे येतो. तीन प्रसंग सांगतो, तिन्ही नोंदलेले आहेत.

पहिला, गायीचा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘डर्टी काऊ’ नावाची चूक जाहीर झाली. ‘लिहिताना प्रत’ करताना कर्नल एक पायरी संपवून दुसरीकडे वळतो, तेवढ्यात ती ताजी प्रत कोणी फेकून दिली तर कर्नल मूळ पानावरच लिहायचा, ज्याच्यावर फक्त वाचायची परवानगी होती. साध्या वापरकर्त्याला यातून यंत्राचा मालक होता येत होतं, अँड्रॉइड फोनांवरही. टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या निवेदनात कबूल केलं आहे की ही जुनी चूक त्यांनी अकरा वर्षांपूर्वी एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तोही वाईट तऱ्हेनं, आणि एस३९० या यंत्रावरच्या अडचणीमुळे तो मागे घेतला गेला होता. नवी दुरुस्ती अशी: प्रत झाली आहे याची खूण म्हणून पानाच्या पत्त्यावरचा ‘मळलेलं’ हा बिट बघायचा. मळलं असेल म्हणजे कुणीतरी लिहिलं आहे, म्हणजे प्रत झालेली आहे. हेतू-अनुमान. धूर आहे, तस्मात् अग्नी आहे.

दुसरा प्रसंग त्याच अनुमानाचा. मधल्या काळात कर्नलमध्ये मोठी पानं आली होती, २ एमबीची, म्हणजे छोटी ५१२ पानं एकत्र. त्यामुळे न लिहिलेल्या जागेतला एक बाइट वाचला तरी २ एमबी खर्ची पडू लागले. उपाय म्हणून किरील शुतेमोव यांनी २०१२ मध्ये शून्याचं मोठं पान लिहिलं. तेही सगळ्यांत सामायिक, तेही फक्त वाचायचं. डर्टी काऊची दुरुस्ती पुढे मोठ्या पानांनाही लावली गेली. पण मोठ्या पानांच्या कोडमध्ये एक जागा अशी होती की तिथं पान नुसतं वाचायला हाताळलं तरी कर्नल त्यावर ‘मळलेलं’ अशी खूण करत असे. धूर होता, अग्नी नव्हता. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की या वाटेनं शून्याच्या मोठ्या पानावर चक्क लिहिता येतं. लिहिणारा कर्नलच, स्वतःच्या दारानं, त्यामुळे प्रोसेसरनं अडवायचा प्रश्न नाही.

जरा थांबून याचा अर्थ लक्षात घ्या. फाइल बिघडवली तर एक फाइल बिघडते. शून्याचं पान बिघडवलं तर त्या यंत्रावर ज्या ज्या प्रोग्रामला ‘इथं अजून काही लिहिलेलं नाही’ असं उत्तर त्या पानावरून मिळत होतं, त्या सगळ्यांना खोटं उत्तर मिळतं. किती प्रोग्राम असं गृहीत धरतात की चलाची किंमत शून्य म्हणजे अजून सुरुवात झालेली नाही! त्यांना वाटतं सुरुवात झाली, आणि ते नसलेल्या पत्त्यावर उडी मारतात. त्या संशोधकांनी चालू प्रोग्राम कोसळवून दाखवले. अभावाचं अधिकरण बिघडलं की सगळे अभाव एकदम खोटे होतात. मी टाळ्या घेत म्हणालो होतो की चिन्हाला जागा लागते, यापलीकडे काही नाही. त्या ‘जागे’तच सगळं होतं.

इथं एक कबुली द्यायला हवी. ही चूक ‘स्पेशल’ या बिटामुळे झाली असं मी म्हणत नाही. ती ‘मळलेलं’ या खुणेच्या अर्थाची होती. पण रोग एकाच कुळातला आहे. एका ठिकाणी खुणेचा अर्थ ‘लिहिलं गेलं’, दुसरीकडे तीच खूण ‘हात लागला’, आणि तिसरा माणूस पहिला अर्थ धरून विश्वास टाकतो.

तिसरा प्रसंग मोजणीचा, आणि तो थेट आपल्या पिशवीतला. २००९ ला ठरलं होतं की पेज टेबलात शून्याचा पत्ता टाकताना शिरगणती करायची नाही. पण पानापर्यंत पोचायचं दुसरंही दार आहे: कर्नल स्वतःच्या कामासाठी एखादं पान तात्पुरतं पकडून ठेवतो, उदाहरणार्थ डिस्कवरून थेट वाचताना. त्या दारावर मोजणी चालूच होती. २०१९ मध्ये आभासी यंत्रं चालवणाऱ्या केव्हीएमची चाचणी घेणाऱ्यांना आढळलं की शून्याच्या पानाचा आकडा वाढत वाढत फुटला आहे. कारण ऐका. पान घेताना आकडा एकानं वाढत होता. सोडताना केव्हीएम विचारत होता, हे पान राखीव आहे का? शून्याच्या पानावर तो जुना राखीव शिक्का अजून होता, २००५ ला मुख्य व्यवहारातून हद्दपार केलेला तोच. राखीव आहे म्हटल्यावर केव्हीएम आकडा कमी न करताच निघून जायचा. येताना गायरानात शिरगणती, जाताना ‘सरकारी आहे, आपल्याला काय’. दुरुस्ती काय झाली? राखीव का, असं विचारताना शून्याचं पान वगळायचं. अपवादाला अपवाद.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. एका बिटाची किंमत मला समजते. हे फंक्शन सतत बोलावलं जातं. तिथं चार प्रश्न विचारण्यापेक्षा एक बिट पाहणं स्वस्त, आणि डिकिन्स यांनी नेमकं हेच कारण दिलं आहे: जादा तपासण्या क्वचित येणाऱ्या फांदीवर ढकलल्या जातात, रोजचा रस्ता मोकळा राहतो. पेज टेबलातल्या पत्त्यात मोकळे बिटही मोजकेच. एवढ्या चिंचोळ्या जागेत यापेक्षा चांगलं काम मी सुचवू शकत नाही. पण बिट एक ठेवावा लागला म्हणून शब्दही एकच ठेवायला हवा होता, हे मला पटत नाही. त्या बिटाला ‘मोजू नका’ म्हटलं असतं, तर ते निदान आज्ञा आहे हे वाचणाऱ्याला कळलं असतं. ‘विशेष’ म्हटल्यावर तो वस्तूचा गुण वाटतो. गुण वस्तूजवळ असतो, ज्याला पाहिजे त्यानं पाहून घ्यावा. आज्ञा ऐकणाऱ्यापर्यंत पोचवावी लागते, प्रत्येक दारावर. केव्हीएमच्या दारावर ती पोचली नव्हती. पिगिननं २००५ मध्ये ‘राखीव’ नावाचा सगळ्या कामाचा शिक्का मोडला आणि तीन वर्षांनी ‘विशेष’ नावाचा दुसरा घडवला. दोन्ही वेळा तो व्यवहारात बरोबर होता. नामकरणात दुसऱ्यांदा तीच चूक झाली, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दारावर ही आज्ञा २०२३ मध्ये पोचली. डेव्हिड हॉवेल्स यांनी बदल केला की उपकरणांसाठी पान पकडून ठेवताना ते शून्याचं निघालं तर पकडल्याची नोंदच करायची नाही, आणि सोडतानाही त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. त्यांनी कारण दिलं आहे की शून्याचं पान सुमारे २० लाख वेळाच पकडता येईल, आणि साधा वापरकर्तादेखील तिथवर पोचू शकेल. हिशोब सोपा आहे: आकड्याला ३१ बिट मिळतात, प्रत्येक पकड एकदम १०२४ नं वाढते, २ चा ३१ वा घात भागिले १०२४, आले २०,९७,१५२. मला यात आवडलं ते हे, की घेणं आणि सोडणं या दोन्ही बाजू एकाच निवेदनात, एकाच श्वासात लिहिल्या आहेत. आज्ञा दोघांना एकदम दिली. २००५ ला ज्या पानाची शिरगणती सुरू झाली, ती या दारावर थांबायला १८ वर्षं लागली.

ते प्रश्न विचारणारे गृहस्थ आज आलेत का? ...हां, तिथंच, शेवटच्या रांगेत. तर साहेब, मागचं उत्तर मी मागे घेतो. ते पान द्रव्य आहे, ४०९६ बाइटचं, इतर कुठल्याही पानासारखं झिजू शकणारं आणि बिघडू शकणारं. अभाव त्याच्यात नाही. तो प्रत्येक प्रोग्रामच्या तक्त्यातल्या त्या एकेका न लिहिलेल्या खणाचा आहे, आणि पान त्यांचं समाईक अधिकरण. तुमच्या लोकांनी १८ वर्षं जे मोजलं ते पाटावर बसलेले अभाव होते. मी चिन्हाबद्दल बोललो ते गैरलागू होतं. तुमचा यावर आक्षेप असेल तर आत्ताच ऐकायला आवडेल, माइक तिकडे द्या.